कोंडवाड्यातली बेवारस म्हैस

कोंडवाड्याचं काम मला कुणी विचारून दिलं नव्हतं. आधीचा माणूस निवृत्त झाला, कचेरीत मीच तेवढा रिकामा दिसलो, आणि साहेब म्हणाले, "मोकाट जनावर आलं की आत घ्यायचं, मालक आला की दंड घेऊन सोडायचं. एवढंच." एवढंच म्हणे! जनावर येतं ते काठ्या खाऊन, आणि मालक येतो तो शिव्या घेऊन. मधल्या मध्ये मी. म्हणून मी एक ठरवून टाकलं होतं. चारा-पाणी चुकवायचं नाही आणि माणसांच्या भानगडीत पडायचं नाही. जनावर कोंडणं माझं काम, न्यायनिवाडा ज्याचा त्याने करावा.

ती म्हैस आली तेव्हा मी घरी निघायच्या बेतात होतो. दोघं-तिघं तिला हाकत घेऊन आले. मोरीजवळच्या वळणावर ती भर रस्त्यात उभी होती. काळा रस्ता, काळी म्हैस, वर दिवेलागणीची वेळ. वस्तीत फेरीला येणाऱ्या नर्सबाई स्कूटरवरून परत चालल्या होत्या, त्यांना ती दिसली ती अंगावर गेल्यावरच. बाई उडून मोरीच्या कठड्यावर आदळल्या. पायाचं हाड मोडून बाहेर आलं होतं, असं ती माणसं सांगत होती आणि सांगताना माझ्याकडे न बघता दुसरीकडे बघत होती.

"म्हैस कुणाची?" मी विचारलं.

"काय की बुवा," एक जण म्हणाला.

"बेवारस असेल," दुसरा म्हणाला.

बेवारस म्हैस मी जन्मात पाहिली नव्हती. भाकड गाय सोडून देतात, म्हातारा बैल सोडून देतात. पण भरल्या कासेची, अंगावर तेलाचा हात फिरलेली म्हैस कोण सोडतं? तिच्या गळ्यात दाव्याचा एक तुकडा लोंबत होता, टोकाला पिंजून दोरे सुटलेला. एका कानातून रक्त येत होतं. कानात नंबराचा बिल्ला असतो, त्यावरून मालक कळतो. तो कुणीतरी हिसडा मारून काढला होता आणि त्याबरोबर कानाचा लचकाही आला होता. मी कानाला हळद लावली आणि गप्प बसलो.

म्हैस कुणाची ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

रस्त्याकडेला, मोरीच्या अलीकडे एक घर आहे. तिथल्या बाईला सगळे तोफ म्हणतात, अर्थात तोंडावर नव्हे. तिच्या नवऱ्याला थंडोबा म्हणतात, ते मात्र तोंडावर. थंडोबाच तो, त्याला काय फरक पडतोय! मी रोज सकाळी कामावर जातो तो त्यांच्या गोठ्यामागच्या वाटेने. आत तोफ सुरू असते. "अहो, पाण्याची मोटर कुणी बंद करायची, मी की शेजाऱ्यांनी?" "अहो, तुम्हाला देवाने कान दिलेत ते चष्मा अडकवायला का?" नवऱ्याला अहो-जाहो करत इतकं झोडपणारी बाई दुसरी बघितली नाही. आणि तिच्या आवाजाखाली बादलीत पडणाऱ्या धारेचा चर्र-चर्र आवाज. इतकी वर्षं ते दोन्ही आवाज मी एकत्रच ऐकत आलो.

म्हैस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरातून कुठलाच आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. थंडोबाने बायकोला ताकीद दिली होती म्हणे, की हे मिटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, तुझ्या जिभेला हाड नाही, काहीतरी बोलून जाशील. लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच त्याने काही सांगितलं आणि तिने ते ऐकलं. माझी बायको म्हणाली, "असं घर शांत झालं की भीती वाटते हो. कुणी गेल्यासारखं वाटतं."

आता यात कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. जनावर मोकाट सुटून रस्त्यावर आलं आणि कुणाला इजा झाली, तर जबाबदार जनावर सांभाळणारा. दावं नीट होतं का, कुंपण धड होतं का, हे त्याने दाखवायचं. दाखवता आलं नाही तर भरपाई त्याने द्यायची. पण सांभाळणाराच नसेल तर? मग कुणीच जबाबदार नाही. नर्सबाईंनी आपल्या नशिबाला बोल लावावा आणि पायाचं काय ते स्वतः बघावं. त्यांची नोकरी फिरतीची. पाय धड झाला नाही तर नोकरीही गेली.

आणि म्हैस? मुदतीत मालक आला नाही तर लिलाव. लिलावाला येणारे खाटकाकडचे व्यापारी तिला दुधासाठी नेणार नव्हते, हे पोराटोरांनाही कळत होतं.

तोफेच्या घराने हो म्हटलं असतं तर रस्त्याकडेची जमिनीची पट्टी गेली असती, कारण विकायला दुसरं काही नव्हतं. म्हणून ती म्हैस त्यांची नव्हती. आणि वस्ती गप्प होती, कारण प्रत्येकाचं कुठलं ना कुठलं जनावर कधी ना कधी त्या वळणावर उभं राहिलेलं होतं. आज यांचं नाव घेतलं तर उद्या आपलं घेतलं जाईल. आळीमिळी गुपचिळी.

मला याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण म्हैस दूध देईना, ही माझ्या दारातली गोष्ट होती. पहिल्या दिवशी मी स्वतः धार काढायला बसलो. तिने अशी लाथ घातली की बादली एकीकडे, मी एकीकडे. मग पाय बांधून बसलो. सड ओढून ओढून बोटं दुखली, तिने पान्हा सोडला नाही. पलीकडच्या दूधवाल्याला बोलावलं. त्याने भिजवलेल्या आंबोणाची पाटी तोंडापुढे धरली, पाठ खाजवली, शीळ घातली. म्हैस त्याच्याकडे सासूने सुनेकडे बघावं तशी बघत राहिली. तिचं रेडकू गेलेलं असणार, तो म्हणाला, आणि एका हाताची सवय लागलेली असणार. तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी टणक झाली, हात लावला तर चटका बसे. म्हैस दिवसभर ओरडायची. तो आवाज वस्तीत सगळीकडे जायचा, मोरीच्या अलीकडच्या घरातही.

जनावरांचे डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. म्हणाले, "औषधाने भागणार नाही. दूध निघालं पाहिजे. नाहीतर कास जाईल, आणि मग म्हैसही." मी म्हटलं, "मालक नाही हो तिला." ते म्हणाले, "मग तुम्ही बघा." घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तसं झालं माझं.

त्यानंतर विमा कंपनीचा माणूस आला. नर्सबाईंच्या स्कूटरचा विमा होता, आणि मालक सापडला तर भरपाई त्याच्याकडून घ्यायची म्हणून कंपनीने याला धाडलं होतं. कडक इस्त्री, पायात चकचकीत बूट. मला वाटलं, हा शेणात पाय टाकायचा नाही. पण तो सरळ म्हशीजवळ गेला, तिच्या पाठीवर थाप मारली, कासेला हात लावला आणि "अगं आई गं!" म्हणाला. लहानपणी तो मामाकडे वाढला होता आणि मामाच्या गोठ्यात म्हशी होत्या.

"रस्त्याकडेला म्हशी कुणाकुणाकडे आहेत?" त्याने मला विचारलं.

"सगळ्यांकडेच."

"मग सगळ्यांना बोलवा. घरात धार जो काढतो त्याने यायचं. प्रत्येकाने हिच्याखाली बसायचं. माणसं खोटं बोलतील, ही बोलणार नाही."

मला त्याची अक्कल आवडली आणि म्हणूनच धाकधूक वाटली. माझं काम निरोप देण्याचं, मी दिले.

दुपारी कोंडवाड्यात जत्रेसारखी गर्दी झाली. लोक कुंपणाला टेकून उभे. एकेक जण बसायचा, ओढायचा, लाथ चुकवायचा, उठायचा. "अरे, तुझ्या हाताला तुझी बायको भीक घालत नाही, म्हैस काय घालणार!" असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. विमावाला हसत नव्हता. तो म्हशीच्या कानांकडे, डोळ्यांकडे बघत होता.

शेवटी तोफ आली. मागे थंडोबा, हात पाठीशी बांधून. लोकांचं हसणं आपोआप थांबलं. बाई अंगाने मूळचीच बारीक, पण त्या चार-पाच दिवसांत आणखी वाळली होती. ती कुणाकडे न बघता थेट आली आणि बसली. म्हशीने मान वळवली, तिचं मनगट हुंगलं, आणि मग चाटायला लागली. कुंपणापाशी कुणीतरी खोकलं.

"चाटू द्या," विमावाला म्हणाला. "हाताला मीठ असेल. चाटणं म्हणजे पुरावा नव्हे. धार काढा बाई."

तिने कासेला हात लावला आणि हात तसाच ठेवला. चटका बसला असणार. मग तिने सड धरले. ती खरंच ओढत होती की नुसतं दाखवत होती, हे मला सांगता येणार नाही, तिची पाठ माझ्याकडे होती. एक शब्द नाही तोंडातून. म्हशीचा पाय उचलला गेला नाही, पण दूधही आलं नाही. विमावाल्याने बराच वेळ वाट पाहिली. बादली कोरडी.

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "उठा. नाही तुमची."

ती उठली. थंडोबाच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की काय सांगू. सुटलो, असं तो मनात म्हणाला असेल. तेवढ्यावर थांबायचं की नाही? जन्मभर गप्प बसलेल्या माणसाला नेमकं तेव्हा बोलायचं सुचलं.

"बघा साहेब, मी म्हणतच होतो," तो म्हणाला. "असलं खोड आम्ही दारात कशाला बांधू? धड दूध देत नाही, नुसती बोंबलते. विका, नाहीतर कापा, आमचं काय जातंय?"

तोफ फाटकापर्यंत पोचली होती. तिथेच ती थबकली आणि गर्रकन वळली.

"अहो!" ती म्हणाली.

कुंपणापाशी सगळे सावरून उभे राहिले, इतका तो आवाज ओळखीचा होता.

"अहो, तोंड आहे का गटाराचं झाकण? उघडलं की घाणच! जन्मात कधी चार शब्द बोलत नाही, आणि बोलता ते हे? कुणाला खोड म्हणता? आरशात बघा एकदा! सकाळी चहा आयता, दुपारी जेवण आयतं, आणि माणूस म्हणून करायचं काय, तर पाठीशी हात बांधून उभं राहायचं! तुम्हाला लाज कशी ती..."

तेवढ्यात मला चर्र असा आवाज आला.

मी वळून बघितलं. म्हशीच्या चारही सडांतून दूध गळत होतं. आधी थेंब, मग बारीक धार, मग कासेखालची माती पांढरी झाली. कुणी हात लावला नव्हता. म्हैस कान टवकारून फाटकाकडे बघत रवंथ करत होती.

गोठ्यामागच्या वाटेवरचे ते दोन आवाज मला आठवले. रोज सकाळी नवऱ्याला झोडपत ती धार काढायची. बिचाऱ्या म्हशीला दुसरी अंगाई माहीतच नव्हती.

तोफेचं बोलणं अर्ध्यात तुटलं. तिनेही पाहिलं होतं. आवाज थांबला तसं दूधही थांबलं.

विमावाल्याने मातीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "फार भरली की कास आपोआपही गळते," तो हळूच म्हणाला. "मामाकडे बघितलंय मी. यावर मी सही करू शकत नाही."

म्हणजे अजूनही सुटता येत होतं. थंडोबाला ते लगेच कळलं. "चल घरी," तो म्हणाला. "चल म्हणतो ना."

ती उभी राहिली. म्हशीने एकदा ओरडून घेतलं. मी माझ्या कामाचा माणूस, मला कुणाच्या घराशी घेणंदेणं नाही, पण खरं सांगतो, तेव्हा मीही फाटकाकडेच बघत होतो. एकीकडे तिची जमीन होती, तिचं घर होतं. दुसरीकडे एक जनावर आणि दवाखान्यात पडलेली एक परकी बाई.

ती परत आली. बादली उचलली, म्हशीखाली बसली आणि सड धरून बोलायला लागली. या वेळी तिचा आवाज चढलेला नव्हता. रोज सकाळी असायचा तसा होता.

"अहो, पावसाळ्यापासून सांगतेय, दावं कुजलंय, दावं कुजलंय. तुमचं आपलं, उद्या बघू. तुमचा उद्या कधी उजाडतो का? तुटलं ना शेवटी? आणि तुटलं ते तुटलं, रस्त्यात पडलेल्या बाईला उचलायचं सोडून तुम्ही हिचा कान फाडलात! त्याच नर्सबाई ना, तुमच्या आईच्या पाठीच्या जखमा धुवायला येत होत्या? तुम्ही नाकाला रुमाल लावून बाहेर बसायचा आणि ती परकी पोर आत बसून पू पुसायची! आपल्याच घरून निघाली होती हो ती त्या दिवशी. आपल्याच उंबऱ्यावरून! तिला आपल्याच म्हशीने पाडलं आणि आपण म्हणायचं, आमची नाही? चार दिवस हे जनावर माझ्या नावाने टाहो फोडतंय आणि मी कानात बोळे घालून बसलेय. कशासाठी? एका पट्टीसाठी? जाऊ द्या पट्टी! घाला ती चुलीत!"

बादलीत आधी घट्ट, पिवळट, गुठळ्यांचं दूध पडलं, मग रक्ताची झाक असलेलं, मग पातळ. तिचे डोळे वाहत होते आणि हात थांबत नव्हते. म्हशीने डोळे मिटून घेतले होते.

कास मोकळी झाली तेव्हा ती उठली आणि हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "लिहा साहेब," ती म्हणाली. "म्हैस माझी आहे. ठकी तिचं नाव."

विमावाल्याने पेन काढलं. "सांभाळणारा म्हणून तुमचंच नाव लिहू?"

"माझं लिहा."

"नाही," थंडोबा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. पाठीमागचे हात त्याने सोडले होते आणि आता त्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"माझं लिहा," तो म्हणाला. "दावं मी बांधलं होतं. कानही मीच फाडला."

"अहो," तोफ म्हणाली, आणि पुढे काही बोललीच नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. जमिनीची पट्टी गेली. वस्तीतल्या बऱ्याच जणांनी गुपचूप नवी दावी आणली, कुंपणं दुरुस्त केली, आणि थोडे दिवस तरी मला काम कमी झालं. नर्सबाईंचा पाय जुळला, पण काठी सुटली नाही. त्यांना दवाखान्यात बसून करायचं काम मिळालं. ठकीची एक बाजू आटली ती आटलीच. तिच्या कानाचा तो लचका गेलेला भाग अजून तसाच दिसतो.

कास बरी होऊन दूध घरात घेण्याजोगं झालं आणि नर्सबाईही दवाखान्यातून घरी आल्या, त्यानंतर एका सकाळी मी गोठ्यामागून चाललो होतो. आत तोफ सुरू होती. "अहो, किटली सरळ धरा! आणि नर्सबाईंनी चार शब्द सुनावले तर खाली मान घालून ऐका, नाहीतर सवयीने झोप लागेल तुम्हाला!" थंडोबा दुधाची किटली घेऊन बाहेर आला, मला बघून ओशाळला आणि चालू लागला.

नर्सबाईंनी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो किटली पायरीवर ठेवून यायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच किटली, तशीच भरलेली, दूध नासलेलं, उचलून आणायचा. तोफ त्याला रोज पाठवत राहिली आणि तो रोज जात राहिला.

मग एकदा, संध्याकाळची वेळ, तो आपणहून माझ्या कोंडवाड्यात आला. रिकाम्या गव्हाणीवर बसला.

"आज दार उघडलं त्यांनी," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाल्या?"

"काठी टेकत आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता चांगलं झाडतील, आणि झाडायलाच पाहिजे होतं. पण एवढंच विचारलं, दावं नवं घेतलंत का?"

"मग तू?"

"म्हटलं, घेतलं. म्हैस घरी आणली त्याच दिवशी घेतलं."

"आणि?"

"आणि त्यांनी किटली आत नेली," थंडोबा म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.